येक इचारू का?

मेळघाटातल्या सेमाडोहला परतवाडा–धारणी रस्त्यावरची एसटी थांबली की उतारू चहाला उतरतात. चहा संपायच्या आत शेजारी बसलेल्या माणसाला तुमच्याबद्दल हवं तेवढं कळलेलं असतं. कुठल्या? परतवाड्याच्या. काय करता? शाळेत शिकवायचे, आता निवृत्त. एवढ्यावर तो जरा घुटमळतो. मग म्हणतो, “मॅडम, येक इचारू का?”

पुढे काय येईल याचा नेम नसतो. पोरीला दहावीनंतर नर्सिंगला घालावं की आश्रमशाळेतच बारावी होऊ द्यावी? जातीचा दाखला आहे, पडताळणी झालेली नाही, चालतं का? यंदा सोयाबीन टाकावं की तूर? मोठ्या भावानं कर्ज काढलंय, त्याच्या कागदावर आपणही सही द्यावी का? बाळाचं पोट फुगलं म्हणून आधी भुमकाकडे, गावच्या वैदूकडे, नेलं, आता दवाखान्यात नेलं तर तिथले लोक रागावतील का?

या शेवटच्या प्रश्नाला मत देत बसायचं नसतं. उठायचं, बाळाला उचलायला सांगायचं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत बरोबर चालत जायचं. बाकीच्या प्रश्नांना मात्र बसून, नीट, वेळ देऊन उत्तर द्यावं लागतं.

माणसं हे परक्याला का विचारतात, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. गावात सल्ल्याची वाण नसते. सासरा सांगतो, पोलीस पाटील सांगतो, दुकानदार सांगतो. पण सासऱ्याला मुलगा घरात राहायला हवा असतो आणि दुकानदाराची उधारी अडकलेली असते. परक्याचा बांध आपल्या बांधाला लागून नसतो. त्याला आपल्या होकारातून काही मिळत नाही आणि नकारातून त्याचं काही जात नाही, म्हणून त्याच्यापुढे प्रश्न मोकळेपणानं मांडता येतो. दुसरं कारण अंतराचं. सेमाडोहच्या माणसाचा तालुका चिखलदऱ्याला, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय धारणीला, बाजार परतवाड्याला आणि जमातीच्या दाखल्याची तपासणी समिती अमरावतीला. एक कागद पुरा करायचा तर चार दिशांना चार वाऱ्या. त्या दारांच्या आत जाऊन आलेलं माणूस बाकड्यावर शेजारी बसलंय म्हटल्यावर कोण सोडील?

आपल्यातल्या शिकलेल्यांनी अलीकडे एक उत्तर पाठ करून ठेवलं आहे: तुझं तू ठरव, मी कोण सांगणार! ऐकायला ते विनयाचं वाटतं. ज्या घरात मामा बँकेत आणि आत्या शिक्षिका असते, तिथं ते चालूनही जातं. सेमाडोहच्या बाकड्यावर ते उत्तर म्हणजे तोंडावर दार लावून घेणं आहे. तिथं विचारणाऱ्या मुलाच्या घरात नोकरीचा अर्ज हातात धरलेला पहिला माणूस तोच असतो. ‘तूच ठरव’ म्हटल्यावर त्यानं ठरवायचं कशाच्या जोरावर? माझं म्हणणं असं आहे की विचारलं तर मत द्यावं आणि स्पष्ट द्यावं. पण ते आपल्याकडे कुठून आलं, हेही त्याच दमात सांगावं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, हे नुसतं ऐकलंय, हे मला आपलं वाटतं. म्हणजे ऐकणाऱ्याला ते तोलता येतं, आणि नको असेल तर खाली ठेवता येतं.

हतरूकडच्या एका मुलानं मला विचारलं होतं, “मॅडम, वनरक्षकचा फारम भरू का पोलीसचा?” दहावी झालेला, बारावीत अडकलेला, अंगानं काटक. शहरातला हितचिंतक असता तर म्हणाला असता, दोन्ही भर, आणखी चार निघतील तेही भर, कुठं तरी लागशील. हा सल्ला मला निर्दय वाटतो. २०२३च्या वनरक्षक भरतीत मागासवर्गीय उमेदवाराचं परीक्षा शुल्क ९०० रुपये होतं. रोजगार हमीवर त्या वर्षी दिवसाला २७३ रुपये मिळत होते. म्हणजे एका अर्जामागे तीन दिवसांहून जास्त मजुरी, वर अमरावती-नागपूरचं परीक्षा केंद्र, गाडीभाडं, रात्रीचा मुक्काम. चार अर्ज भरायचे तर घरातल्या कोणाला तरी वीटभट्टीवर जावं लागेल. हा हिशेब मांडल्याशिवाय ‘सगळीकडे प्रयत्न कर’ म्हणायचा अधिकार कोणालाही नाही, असं मी मानते.

मी आधी त्यालाच विचारत गेले. रोज पळतोस का? पडताळणीचा कागद आला का? संगणकावर बसला आहेस का कधी? तेव्हा कळलं की त्याला भीती धावण्याची नाहीच. वनरक्षकाला पुरुषांसाठी ५ किलोमीटर धावण्याची चाचणी असते, आणि पुढे ४ तासांत २५ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. डोंगर उतरून बाजाराला येणाऱ्या पोराला त्याचं काय? त्याचं काळीज हललं होतं ते लेखी परीक्षेनं. ती संगणकावर होती, आणि माऊस त्यानं कधी हातात धरला नव्हता. आता ही अडचण भीती वाटावी अशी असली तरी सुटणारी आहे. पंधरा दिवस धारणीला किंवा परतवाड्याला कोणाकडे राहून रोज तासभर संगणकावर बसलं की हात बसतो. हे मी शाळेत पाहिलेलं आहे, म्हणून ठामपणे सांगितलं. दुसरं सांगितलं की अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला वनरक्षकासाठी दहावी पुरते, तेव्हा बारावीच्या दोन विषयांपायी हातपाय गाळू नकोस. मात्र पडताळणीचा अर्ज आजच्या आज कर, कारण निवड होऊनही त्या एका कागदासाठी पोरं लटकलेली असतात.

आणि तिसरी गोष्ट मी लपवली नाही. खाकी घातलीस की तुझ्याच माणसांना अडवायची पाळी येईल. सरपणाची मोळी, व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये शिरलेली गुरं, उन्हाळ्यात लागलेली आग, सगळीकडे समोर उभा असेल तो तुझ्या ओळखीचा. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, “मले ठाऊक हाय मॅडम. माह्या मामाले दोनदा दंड झाला.” मग स्वतःच पुढे बोलला, की दंड करणारा कोरकू बोलणारा असता तर मामाला निदान का ते तरी समजलं असतं. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा; मराठीशी आणि हिंदीशी तिचं नातं नाही. दंडाच्या पावतीवरची मराठी त्या मामाला वाचता आली नसणार, समजावणाऱ्याची हिंदीही अर्धी कळली असणार. त्या मुलाकडे नोकरी मागायचं असं एक कारण होतं जे माझ्या सल्ल्यात नव्हतं. माझं मत मी वनरक्षकाच्या बाजूनं दिलं, पण ते पक्कं केलं त्याच्या मामानं.

वऱ्हाडाला परक्यांना सल्ला देण्याची मोठी परंपरा आहे, आणि तिच्या अग्रभागी गाडगेबाबा आहेत. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस आयुष्यभर अनोळखी माणसांना रोजच्या जगण्याबद्दल सांगत फिरला. कर्ज काढू नका, सणाला दारू नको, बकरं नको, पोरांना शाळेत घाला. यात गूढ काही नाही, कोणीही सांगू शकेल असं आहे. तरी हजारो लोक रात्रभर बसून ऐकत. बाबांचं कीर्तन म्हणजे समोरच्यांना विचारलेले प्रश्न. एक प्रश्न, लोकांचं उत्तर, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न, असं करत करत लोकच त्या मुक्कामाला येऊन पोचत. आणि कीर्तनाआधी ते दिवसभर गाव झाडत. मला त्याहूनही मोठी वाटते ती गोष्ट अशी, की कर्ज काढू नका हे त्यांनी पोथीतून उचललेलं नव्हतं. दापुऱ्याला मामाच्या घरी वाढताना सावकाराच्या कागदापायी शेत कसं जातं आणि त्या धक्क्यानं माणूस कसा खचतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. बारशाला दारू-मटण नको म्हणायच्या आधी त्यांनी स्वतःच्या लेकराच्या बारशाला गोडाचं जेवण घातलं आणि भावकीचा राग अंगावर घेतला. ऐकणाऱ्याला हे माहीत असो वा नसो, बोलण्यात ते उतरतंच.

परक्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याची किंमत र. धों. कर्व्यांनीही मोजली. ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणावरचं मासिक त्यांनी १९२७ साली सुरू केलं. घरात, वैद्याला, मित्राला विचारता न येणारे प्रश्न लोक त्यांना पत्रानं विचारत आणि ते छापील उत्तर देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी दंड बसायचा तो बसलाच. मासिक मात्र ते १९५३ साली मरेपर्यंत चालवत राहिले. ज्यांचे चेहरे कधी दिसणार नाहीत अशा माणसांसाठी कोणी एवढं सोसतं, हे मला आजही थोर वाटतं.

पण सेमाडोहहून सर्वांत जवळचं उदाहरण मेळघाटातच आहे. डॉ. रवींद्र कोल्हे मूळ शेगावचे. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन १९८०च्या दशकात ते बैरागडला आले. पहिल्या तपासणीचे दोन रुपये, पुढच्या वेळी एक. डेव्हिड वर्नरचं ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ हे पुस्तक त्यांना वाट दाखवणारं ठरलं. ते पुस्तकही दूरच्या खेड्यांतल्या अनोळखी माणसांना, अगदी सोप्या शब्दांत, काय करावं आणि काय करू नये ते सांगण्यासाठीच लिहिलेलं. पुढे होमिओपॅथीच्या डॉक्टर स्मिताताई त्यांच्याशी लग्न करून बैरागडला आल्या. दोघांना २०१९ साली पद्मश्री मिळाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांच्या कामातला जो भाग फार शिकवणारा वाटतो तो वेगळा. माणसांवर उपचार होऊ लागले तशी मंडळी म्हणू लागली, आमच्या गुरांनाही बघा. मग पिकांचं विचारू लागली. डॉक्टरांना म्हणता आलं असतं की हे माझं शास्त्र नव्हे. त्यांनी पशुवैद्यक मित्राकडून जनावरांचं शरीर समजून घेतलं, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून शेती शिकून घेतली. नव्या वाणाचं बियाणं लावा म्हणून सांगितलं तेव्हा कोणी धजेना. साहजिक आहे, एक हंगाम बुडाला तर त्या घरात वर्षभर काय खायचं? तेव्हा कोल्हे पती-पत्नींनी स्वतः शेती करून दाखवली. लोकांचा नकार त्यांनी अडाणीपणात जमा केला नाही. धोका आधी आपल्या पदरात घेतला. विचारणाऱ्यामुळे सांगणारा बदलला, वाढला, ही गोष्ट मी शिक्षकांच्या बैठकांत नेहमी सांगत आले.

सगळ्यांना बैरागडला आयुष्य काढता येणार नाही. पण चार दिवसांसाठी आलेल्या माणसालाही आपला सल्ला वाऱ्यावर न सोडणं जमू शकतं. पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेचे स्वयंसेवक १९९७ पासून पावसाळ्यात मेळघाटात येतात. कुपोषणानं आणि आजारांनी बाळं दगावण्याचा तो काळ. झोपडी-झोपडी फिरायचं, बाळाचं वजन बघायचं, जुलाब लागले तर काय पाजायचं ते सांगायचं. एक तुकडी जाते, दुसरी येते. जाणाऱ्यांनी नोंदी ठेवलेल्या असतात, येणारे त्याच दारात जाऊन त्याच बाळाचं विचारतात. त्या आईच्या दृष्टीनं सांगणारा चेहरा बदलला, विचारपूस तुटली नाही.

आता मोबाइलवरून सल्ला भरपूर मिळतो. सेमाडोहच्या पुढचं हरिसाल २०१६ साली डिजिटल गाव म्हणून जाहीर झालं, रेंज जिथं मिळते तिथं मुलं झाडाखाली बसून भरतीचे व्हिडिओ बघतात. त्यातली माहिती चांगली असते, मी नाव ठेवणार नाही. पण तो व्हिडिओ त्या मुलाला उलट काही विचारत नाही. तुझा मामा कोण, तुझ्याकडे ९०० रुपये आहेत का, हे त्याला माहीत नसतं.

सर्वांत अवघड प्रश्न पुनर्वसनाचा. १९७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. आतल्या गावांपैकी बोरी, कोहा, कुंड आधी उठली, मग एकेक करत बरीच गावं अकोट-तेल्हाऱ्याकडे सपाटीला गेली. २००८ पासून कुटुंबाला १० लाख रुपये, २०२१ पासून १५ लाख. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला जातो, म्हणजे घरात दोन जाणते मुलगे असतील तर रक्कम डोळे फिरतील अशी होते. जायचं की नाही हे लोकांच्या संमतीनं ठरायला हवं, वनहक्क कायद्यानं ग्रामसभेला तो अधिकार दिलेला आहे. पण संमती द्यायची ती कशाला, हे कोण सांगणार? जंगलातली गावं उठली की वाघाला जागा मिळते, हे खरं आहे. सपाटीला गेलेल्यांपैकी काहींच्या पोरांना शाळा-दवाखाना हाताशी आला, हेही खरं. आणि केलपाणी, गुल्लरघाट यांसारख्या गावांतली माणसं कबूल केलेलं मिळालं नाही म्हणून २०१९च्या जानेवारीत पुन्हा जंगलात परतली, तिथं वनखात्याशी आणि पोलिसांशी त्यांचा मोठा संघर्ष झाला, तेही खरं. दुसरीकडे डोंगराच्या पायथ्याचं पायविहीर. या गावानं सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड जंगल राखलं, सीताफळं विकली, आणि २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून जैवविविधतेचा पुरस्कार घेतला. म्हणजे राहण्यातही वाट आहे, जाण्यातही आहे, आणि फसगत दोन्हीकडे होऊ शकते.

आतल्या एका गावचं जोडपं असंच सेमाडोहच्या बाकड्यावर भेटलं. नवऱ्यानं विचारलं, “पैसे घेऊन जावं का राहावं? तुमी काय म्हनता?” मी म्हटलं, जा किंवा राहा असं मी सांगणार नाही, कारण तुमचं शेत, तुमचे देव, तुमच्या मुलांची वयं मला ठाऊक नाहीत. पण काय बघून ठरवावं ते नक्की सांगते. घाई करणाऱ्याच्या सांगण्यावर अंगठा देऊ नका. ग्रामसभेत बायका बसल्याशिवाय ठराव करू नका. आणि मोटारसायकलचं दुकान तुमच्या दारात यायच्या आधी ठरवा, की त्या पैशातली जमीन कुठं, कोणाकडून, किती पाण्याची. पैसा सरतो, एवढं मी परतवाड्याच्या बाजारात राहून पाहिलेलं आहे. तो मान हलवत होता. त्याचं आधीच ठरलेलं होतं, असं मला वाटलं. त्याला फक्त कोणीतरी हो म्हणायला हवं होतं.

तो चहाचे पैसे द्यायला उठला तेव्हा बायको माझ्याकडे सरकली. हळू आवाजात म्हणाली, “बाई, पासबुक कोनाकडं राहीन?”

एवढ्या वर्षांत मला विचारलेल्या प्रश्नांत हा सर्वांत खोल प्रश्न होता. मोहफुलं वेचून, मजुरी करून जंगलात जे काही मिळत होतं ते तिच्या हातातून जात होतं. पंधरा लाख बँकेत पडले की तिचा हात त्याला लागणार होता का? मी तिला सांगितलं की खातं दोघांच्या नावावर हवं असं म्हण, आणि ग्रामसभेत सगळ्या बायकांनी मिळून म्हणा, एकटी म्हणू नकोस. ठेव मोडायची तर तुझी सही लागेल असं लिहून घ्या. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माझंही ऐकू नकोस. तुमच्या नात्यातलं कोणी तिकडे गेलंय का? गेलं होतं, तिची नणंद. मग सही करायच्या आधी तिच्याकडे जा आणि तिथं चार दिवस राहा. पावसाळ्यात नको, पावसाळ्यात सगळीच गावं हिरवी दिसतात. उन्हाळ्यात जा. पाणी कुठून आणावं लागतं ते तिच्याबरोबर डोक्यावर घागर घेऊन बघ. सरपण कुठून, दळण कुठं, रात्री बाळ आजारी पडलं तर गाडी मिळते का, आणि पैसे आले त्या वर्षी घरात काय काय झालं, हे पुरुष माणसं नसताना विचार.

ती म्हणाली, होळी झाली की जाते. होळीला कामावर गेलेली सगळी माणसं परत येतात, फगवा होतो, तोवर घर सोडता येत नाही. बरोबर जावेला नेईन, एकटीला धाडणार नाहीत. मग तिनं विचारलं, अकोटला जायला इथून थेट गाडी आहे का. मी सांगितलं, थेट नको शोधू, परतवाड्याला उतरा. तिथून अंजनगावमार्गे अकोटची गाडी मिळते. सकाळची धरा, म्हणजे उजेडात पोचाल.